जिवंत बेटांची जलसफर

बालमित्रांनो, ‘बेट’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मुंबईची मुलं चटकन म्हणतील, घारापुरी! गेटवेवरून लाँचमध्ये बसायचं, तासभर वारा खायचा आणि लेणी बघून संध्याकाळी परत. मुरूडची मुलं जंजिऱ्याचं नाव घेतील, तर मालवणची मुलं सिंधुदुर्गाचं. शाळेची सहल असो नाहीतर घरच्या मंडळींची, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन यांतल्या एखाद्या बेटावर तुमच्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील.

पण ही बेटं कसली? खडकाची. आज मी तुम्हाला ज्या बेटांवर नेणार आहे, ती निराळीच आहेत. तिथे डोंगर नाही, टेकडी नाही, नदीही नाही. ती बेटं बांधली आहेत तांदळाच्या नाहीतर वाटाण्याच्या दाण्याएवढ्या जिवांनी! आणि हे बांधकाम अजून चालूच आहे. ओळखलंत? बरोबर, लक्षद्वीप!

अ‍ॅटलास उघडा पाहू. केरळच्या पश्चिमेला अरबी समुद्रात सुईनं टोचल्यासारखे ठिपके दिसतील. किनाऱ्यापासून दोनशे ते साडेचारशे किलोमीटर लांब. ‘लक्षद्वीप’ म्हणजे लाख बेटं. पण सरकारी मोजणीत आहेत छत्तीस, आणि वर्षानुवर्षांची वस्ती आहे फक्त दहांवर. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी भरते जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत इथे ६४,४७३ माणसं होती. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावात तेवढी सहज सापडतील!

भोंगा झाला!

मी आणि तुमचे काका डिसेंबरात निघालो. लक्षद्वीप आपल्याच देशात असलं तरी तिथे जायला आधी परवाना काढावा लागतो. इवलीशी बेटं, मोजकं पाणी. वाटेल तितके पाहुणे आले तर घरच्यांचेच हाल व्हायचे. म्हणून ही शिस्त.

जहाज सुटतं कोचीहून. तिथल्या विलिंग्डन बेटावर धक्का आहे. आणि गंमत ऐका, हे विलिंग्डन बेटसुद्धा नैसर्गिक नाही बरं का! कोची बंदर खोल करताना समुद्राच्या तळातून जो गाळ उपसला, त्याच्या भरावानं हे बेट तयार केलं. म्हणजे आमची सफर माणसानं बनवलेल्या बेटावरून सुरू झाली, ती प्रवाळांनी बनवलेल्या बेटांकडे.

जहाज म्हणजे पाण्यावर उभी असलेली चार-पाच मजली चाळच. केबिनमध्ये वर एक, खाली एक अशा झोपायच्या फळ्या, आणि गोल खिडकी. आमच्या शेजारच्या केबिनमध्ये नाशिकचं एक कुटुंब होतं. आई, बाबा, सातवीतली ताई आणि चौथीतला धाकटा. धाकट्याच्या तोंडाला खीळ म्हणून नव्हती. “जहाज बुडलं तर?” हा त्याचा पहिला प्रश्न! तेवढ्यात खलाशानं सगळ्यांना डेकवर बोलावून लाईफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवलं आणि धाकट्याचं समाधान झालं. ते नारिंगी जॅकेट काढायलाच तो तयार होईना.

भोंगा झाला. फोर्ट कोचीची ती प्रसिद्ध चिनी जाळी मागे पडली. बंदराच्या तोंडाशी दोन डॉल्फिन पाठीची कमान दाखवून गेले. आणि मग चारी बाजूंना नुसतं पाणी! मध्येच पाण्यातून चांदीच्या सुऱ्या उडाल्यासारख्या दिसायच्या. ते उडते मासे. खरं म्हणजे ते पक्ष्यासारखे उडत नाहीत, वेगानं पाण्याबाहेर झेप घेतात आणि मोठे पंख पसरून तरंगत जातात.

रात्री समुद्र जरा चढला. तुमचे काका गप्प गप्प झाले. “अहो, बरं वाटत नाही का?” मी विचारलं. “अगं, पोटात ढवळतंय,” ते म्हणाले. बोट लागते ती का, ठाऊक आहे? आपल्या कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारी एक व्यवस्था असते. बंद केबिनमध्ये डोळे सांगतात, ‘सगळं स्थिर आहे’. कान सांगतात, ‘छे, सगळं हलतंय!’ या दोघांच्या भांडणात बिचाऱ्या पोटाचे हाल होतात. उपाय सोपा. मोकळ्या हवेत यायचं आणि लांब क्षितिजाकडे बघत बसायचं. मग डोळे आणि कान यांचं एकमत होतं. आम्ही डेकवर जाऊन बसलो, आलेपाकाची वडी चघळली. वर आकाशात इतक्या चांदण्या की मोजायची सोयच नाही. तासाभरानं काका स्वतःच म्हणाले, “बरं झालं बोट लागली. नाहीतर हे आकाश बघायचं राहिलं असतं!”

शिडीवरून होडीत

सकाळी जाग आली तर इंजिनाची घरघर थांबलेली. समोर नारळांची हिरवी रेघ आणि तिच्या पुढ्यात निळाईच्या किती छटा! गडद निळा, मोरपंखी, मग पोपटी आणि काठाला अगदी दुधी. हे होतं कवरत्ती, लक्षद्वीपची राजधानी.

पण जहाज काठाला लागत नाही. बेटाच्या बाजूला प्रवाळांचं उथळ कडं असतं. मोठं जहाज तिथे शिरलं तर जहाजाचंही नुकसान आणि प्रवाळांचंही. म्हणून लहान होड्या येतात. जहाजाच्या पोटातलं दार उघडतं, खाली होडी लाटेवर वर-खाली नाचत असते, आणि होडी वर आली की नेमक्या त्या क्षणी पाय टाकायचा! दोन दणकट खलाशी दंड धरून उभे असतात. नाशिकच्या आईंनी डोळे मिटून घेतले. धाकटा मात्र ‘वन, टू, थ्री’ म्हणून अस्सा उतरला की खलाशीसुद्धा हसले.

कड्यातल्या एका फटीतून होडी आत शिरली आणि लाटा एकदम थांबल्या. आतलं पाणी शांत, एखाद्या तळ्यासारखं. याला म्हणतात लगून. बाहेर समुद्र आदळतोय आणि आत पाण्यावर सुरकुतीही नाही. हा चमत्कार त्या कड्याचा.

हे कडं आलं कुठून? चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञानं १८४२ साली याचं उत्तर एका पुस्तकात मांडलं. समजा, समुद्रातून एक ज्वालामुखी वर आला. त्याच्या काठाकाठानं, उबदार उथळ पाण्यात, प्रवाळ नावाचे जीव वसती करतात. नवरत्नांतलं पोवळं असतं ना, ते यांच्याच लांबच्या नात्यातलं. हे मऊ जीव समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती कठीण घर बांधतात. आजोबांच्या घरावर बाबांचं, बाबांच्या घरावर नातवाचं, असे मजले चढत जातात. पुढे लाखो वर्षांत ज्वालामुखी हळूहळू खचतो, बुडतो. प्रवाळं मात्र उन्हासाठी वर वर बांधत राहतात. शेवटी डोंगर दिसेनासा होतो आणि उरतं नुसतं बांगडीसारखं कडं! त्या कड्यावर वाळू साठते, नारळ वाहत येतात, पक्षी येतात, आणि बेट तयार होतं.

वाळू कुठून येते, हे सांगितलं तर तुम्ही नाक मुरडाल. लाटांनी फुटलेली प्रवाळं आणि शंख-शिंपले, हे तर झालंच. पण इथे पोपटमासा नावाचा रंगीत मासा असतो. तो आपल्या चोचीसारख्या तोंडानं प्रवाळाचा दगड कुरतडतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि उरलेला चुना बारीक वाळू करून मागच्या दारानं सोडून देतो. म्हणजे त्या शुभ्र किनाऱ्यावर आपण ऐटीत चालतो, त्यातली पुष्कळशी वाळू म्हणजे... आलं ना लक्षात?

घराची वीट

दुपारी आम्ही काचेच्या तळाच्या बोटीत बसलो. खाली दुसरंच जग होतं. हरणाच्या शिंगांसारखी प्रवाळं, मेंदूसारख्या सुरकुत्यांचे गोळे, त्यांत पिवळे-काळे फुलपाखरू-मासे, आणि सुस्त पडलेली समुद्रकाकडी. एक भलंमोठं कासव आमच्या खालून आरामात पोहत गेलं.

किनाऱ्यावर परत आल्यावर ताईला वाळूत एक सुंदर फांदी सापडली. पांढरीशुभ्र, बोटभर लांबीची. “शाळेत दाखवायला नेते,” म्हणून तिनं ती पिशवीत टाकली. आमच्या बरोबरचा होडीवाला तरुण हे बघत होता. तो रागावला नाही. तिच्याजवळ उकिडवा बसला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, “बेटी, ये हमारे घर की ईंट है.”

ताईला कळेना. तेव्हा त्यानं कड्याकडे बोट दाखवलं. तिथे पांढऱ्या फेसाची रेघ उसळत होती. ही बेटं बहुतेक ठिकाणी समुद्रापासून फक्त एक-दोन मीटर उंच आहेत. तुमच्या घराच्या खोलीहूनही कमी! ते कडं लाटांचा मार खातं, म्हणून मागचं गाव शांत झोपतं. कडं मोडलं तर? शिवाय ही मेलेली, तुटलेली प्रवाळंच झिजून उद्याची वाळू होतात. एका मुलीनं एक तुकडा नेला तर काय बिघडलं, असं आपल्याला वाटतं. पण जहाजात शेकडो माणसं, आणि वर्षात अशा किती खेपा! प्रत्येकानं एकेक वीट नेली, तर घर किती दिवस उभं राहील?

कायदाही हेच सांगतो. २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळांना वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. ताईनं ती फांदी काढली, पुन्हा एकदा हातात फिरवून पाहिली आणि होती तिथे ठेवली. नंतर तिनं वहीत तिचं चित्र काढलं. ते चित्र त्या तुकड्याहून सुरेख होतं, हे मी स्वतः पाहिलंय.

गोड्या पाण्याची गोष्ट

धाकट्याचा पुढचा प्रश्न मात्र फार हुशारीचा होता. “नदी नाही, तलाव नाही. मग हे लोक पितात काय?”

पावसाचं पाणी वाळूत मुरतं. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं. त्यामुळे बेटाच्या पोटात खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत राहतो. विहिरीतून तेच शेंदायचं. पण जास्त उपसा केला, की खालचं खारं पाणी वर आलंच म्हणून समजा.

म्हणून २००५ साली चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं कवरत्तीला एक झकास युक्ती केली. पाणी शंभर अंशांना उकळतं, हे तुम्ही शिकला आहात. पण हवेचा दाब खूप कमी केला, तर ते कितीतरी कमी तापमानालाही वाफ होतं. हिमालयात डाळ शिजता शिजत नाही, ते याचमुळे. इथे समुद्राचं वरचं कोमट पाणी कमी दाबाच्या टाकीत सोडतात. त्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. मग सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून थंडगार पाणी नळानं वर आणतात आणि त्याच्या गारव्यानं वाफेचं पुन्हा पाणी करतात. झालं गोडं पाणी! दिवसाला एक लाख लिटर. पुढे २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्ती बेटांवरही अशी यंत्रं बसली.

जहाजावर परतल्यावर दात घासताना धाकटा नळ बंद करून घासत होता. कुणी सांगितलं नव्हतं हं!

वादळानं रचलेली भिंत

रात्री जहाज चालायचं आणि दिवसा आम्ही बेटावर, असा आमचा क्रम होता. दुसरं बेट कल्पेनी. इथे पूर्वेच्या किनाऱ्यावर प्रवाळांच्या दगडांचा लांबच लांब ढीग आहे. १८४७ साली भयंकर वादळ झालं, त्या वेळी समुद्रानं हे मोठमोठे दगड उचलून काठावर आणून टाकले. बेटावरच्या माणसांना समुद्राची गंमतही ठाऊक असते आणि ताकदही.

कल्पेनीची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. मुलींनी शाळेत जाणं लोकांना मुळीच पटत नव्हतं, त्या काळात लक्षद्वीपमधल्या मुली सगळ्यांत आधी शाळेत गेल्या त्या या बेटावर. इथले लोक हे मोठ्या अभिमानानं सांगतात.

नऊ अंश ओलांडून

तिसऱ्या रात्री आम्ही ‘नाइन डिग्री चॅनल’ ओलांडली. नावावरूनच कळतं, नऊ अंश उत्तर अक्षांशाजवळची ही सामुद्रधुनी. जगभरची मालवाहू जहाजं या वाटेनं जातात. रात्री त्यांचे दिवे दिसतात. मुंबई साधारण एकोणीस अंशांवर. म्हणजे आम्ही किती दक्षिणेला आलो, ते तुम्हीच मोजा.

पलीकडे एकटंच आहे मिनिकॉय, चंद्रकोरीच्या आकाराचं. बाकीच्या बेटांवर मल्याळम बोलतात. इथली भाषा महल, मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण. लिहितात उजवीकडून डावीकडे. इथे १८८५ साली बांधलेला पांढरा दीपस्तंभ आहे, सुमारे दीडशे फूट उंच. वरून बेट, लगून आणि कडं असं सगळं एका नजरेत मावतं. इथले पुष्कळ पुरुष देशोदेशींच्या जहाजांवर खलाशी असतात, आणि घराणं चालतं आईच्या बाजूनं.

मिनिकॉयची खरी मजा टुना मासेमारीत. जाळं नाही! आधी लगूनमधले चिमुकले मासे पकडून होडीतल्या पाण्यात जिवंत ठेवतात. खोल समुद्रात टुनांचा थवा दिसला की ते चिमुकले मासे पाण्यात टाकायचे. टुना खायला झेपावले की लांब काठीच्या गळानं एकेक टुना सपासप वर ओढायचा. जाळं नसल्यामुळे कासवं, डॉल्फिन विनाकारण अडकून मरत नाहीत. आता साखळी जुळवून पाहा. चिमुकले मासे राहतात प्रवाळांत. प्रवाळ नाही तर ते मासे नाहीत, ते नाहीत तर टुना नाही, आणि टुना नाही तर गावाची चूल नाही.

पांढरं दिसलं म्हणून

आता थोडी काळजीची गोष्ट. प्रवाळांचे रंग प्रवाळांचे नसतातच! त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न बनवतं आणि घरमालकाला देतं, रंगही त्याचाच. पण समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं, की प्रवाळ या भाडेकरूला बाहेर काढतो. मग तो पांढराफटक पडतो आणि उपाशी राहतो. पाणी लवकर निवळलं तर वाचतो, नाहीतर मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली पाणी असं फार तापलं आणि खूप प्रवाळं मेली. २०२४ मध्येही हा आजार पुन्हा दिसला. दोन आजारांमध्ये बरं व्हायला पुरेसा वेळ मिळाला, तर कडं पुन्हा भरून येतं. पण वाढ किती हळू, ठाऊक आहे? गोल दगडासारखी प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. फुटबॉलएवढा गोळा व्हायला दहा वर्षं तरी हवीत. म्हणजे तुम्ही पाळण्यात होता तेव्हापासून तो वाढतोय!

लक्षद्वीपमध्ये परळी नावाची बेटं आहेत. नाव ऐकून चमकलात ना? आपली वैजनाथाची परळी नव्हे. ही बंगारम बेटाजवळची छोटी निर्मनुष्य बेटं. त्यांतलं ‘परळी-एक’ झिजून झिजून संपूर्ण नाहीसं झालं. २०१७ मध्ये एका अभ्यासातून हे समोर आलं. छत्तिसांच्या मोजणीतलं एक बेट आता फक्त जुन्या नकाशात उरलं आहे.

परतीच्या प्रवासात ताईनं हे सगळं ऐकलं आणि विचारलं, “मग आपण काय करायचं?” तिचे बाबा म्हणाले, “समुद्र आपल्या एकट्याच्यानं गार होणार नाही. पण पाय कुठे ठेवायचा आणि खिशात काय घालायचं, हे तर आपल्या हातात आहे.”

तुम्ही निघालात की...

लक्षद्वीप लांब आहे, खर्चही बराच. पण आई-बाबांनो, प्रवाळं बघायला एवढ्या लांब जायलाच हवं असं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास समुद्रात प्रवाळं आहेत. तो भाग १९८७ सालीच मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मुलांना किल्ला दाखवाल तेव्हा तटाखालच्या पाण्यातलं हे जगही आठवणीनं दाखवा.

आणि दोस्तांनो, तुम्ही कुठल्याही बेटावर जा, एवढं लक्षात ठेवा:

१. होडीत लाईफ जॅकेट घालायचंच. पोहता येत असलं तरी!
२. प्रवाळांवर उभं राहायचं नाही, त्यांना हात लावायचा नाही.
३. शंख, शिंपले, प्रवाळं किनाऱ्यावरच राहू द्यायची. वही-पेन्सिल बरोबर ठेवा, चित्र काढून आणा.
४. खाऊचे कागद, बाटल्या पिशवीत भरून परत घरी आणायच्या.
५. बेटावर पाणी जपून वापरायचं.

चला, आता अ‍ॅटलास मिटू नका. मिनिकॉय शोधा आणि तिथून मालवणपर्यंत पट्टीनं रेघ मारून अंतर मोजा. तुमचे काका सांगतात, त्यांचं उत्तर तयार आहे. बघू या जुळतं का!